एक नेळवं जास्त

१० फेब्रुवारी १९३६. उडीद पाखडायला बसले होते. तारीख पक्की लक्षात आहे, कारण त्याच दिवशी गवंड्याने न्हाणीचा दगड बसवला आणि ओल्या चुन्यात मी खिळ्याने तारीख कोरली. ती अजून तिथे आहे. उडीद निम्मे पाखडून झाले होते, तेवढ्यात माझी धाकटी जाऊ धान्याच्या खोलीच्या दारात आली. हात कोपरापर्यंत तांदळाच्या पिठीने पांढरे झालेले.

"आक्का, जरा आत ये. आवाज करू नको."

"आवाज सुपाचा हाय, माझा न्हवं," मी म्हटलं. पण उठले. तिचा चेहरा काहीतरी सापडल्यासारखा दिसत होता.

आत जमिनीवर धोतर पसरलं होतं आणि त्यावर तांदळाचा ढीग. रोजच्या वापराच्या डब्यात पोरकिडे झाले होते, म्हणून तिने तो रिकामा करून पुसायला घेतला होता. आत्ती घरी नव्हती, डबा पुसायला खोली उघडी ठेवून शेजारच्या गावी बारशाला गेली होती. डबा पुसायचा तर तांदूळ मोजून काढू, असं जावेच्या मनात आलं. मोजले, आणि तिथेच गोष्ट सुरू झाली.

आत्ती म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण. लग्न कळायच्या आधी झालं, नवरा कळायच्या आधी गेला, आणि तेव्हापासून ती या घरात. उचगावच्या अलीकडे आमचं गाव. भाताची शेती, घरात बारा-चौदा माणसं, दारात येणारी-जाणारी वेगळी. सासू गेल्यावर धान्याच्या खोलीची किल्ली आत्तीच्या कमरेला आली आणि तिथेच राहिली. घरात तिला कुणी बसून खाणारी म्हणत नव्हतं ते त्या किल्लीमुळे. हे तिला ठाऊक होतं आणि आम्हालाही.

मी निपाणीची. माहेरी जैन शेजार, आजूबाजूला तंबाखूच्या वखारी, घरात मराठी, तीही बायकांनी 'करतो, जातो' म्हणायची, आणि ओट्यावर कन्नड. चौथीपर्यंत शाळेत गेले. पावकी-निमकी तोंडपाठ, पाटीवर बेरीज पक्की. या घरात आले तेव्हा वाटलं होतं, दोन-चार वर्षांत किल्ली माझ्याकडे येईल. आली नाही. मला ती नको होती असं मी म्हणणार नाही.

आता आत्तीचा हिशेब सांगते, म्हणजे पुढचं कळेल. तिला लिहिता येत नव्हतं. आमच्याकडे धान्य वजनावर नाही, मापावर. सगळ्यांत लहान माप नेळवं. दोन नेळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली आणि दोन अधोल्यांची पायली. प्रत्येक माप आधीच्या मापाच्या बरोबर दुप्पट. पायलीच्या वर मण आहे, खंडी आहे, पण ती कणगीची भाषा. रोजच्या डब्यात दोन पायल्या तांदूळ मावायचे. ते संपले की कणगीतून पुन्हा दोन पायल्या.

घरात मापांचे दोन संच होते. एक मोजायचा. दुसरा सासऱ्यांच्या वडिलांच्या वेळचा, बाभळीच्या लाकडाचा, कडा झिजून गेलेल्या. झिजल्या मापाने कुणाला काही द्यायचं म्हणजे फसवणूक, म्हणून तो संच आत्तीने कधी धान्याला लावला नाही. तो तिने भिंतीच्या फळीवर मांडून ठेवला होता. डावीकडे पायली, मग उतरत्या भांजणीने उजव्या टोकाला नेळवं. हाच तिचा हिशेब.

डबा नवा भरला की फळीवरची सातही मापं पालथी. डब्यातून एक नेळवं तांदूळ बाहेर गेले की नेळवं उभं करायचं. आणखी एक नेळवं गेलं, तर उभं नेळवं पालथं घालायचं आणि शेजारचं कोळवं उभं करायचं, कारण दोन नेळव्यांचं कोळवं झालं. कोळवंही आधीच उभं असलं तर तेही पालथं, आणि चिपटं उभं. असं डावीकडे सरकत जायचं, पालथं माप सापडेपर्यंत. ते उभं केलं की थांबायचं.

मोठं माप गेलं तर तिथून सुरुवात. समजा फळीवर चिपटं, कोळवं आणि नेळवं उभी आहेत, आणि दारात आलेल्या कासारणीला एक चिपटं आणि एक नेळवं तांदूळ दिले. आत्ती आधी नेळव्याला हात घालायची. ते उभं, म्हणून पालथं. कोळवं उभं, पालथं. चिपटं उभं, पालथं. मापटं पालथं होतं, ते उभं. मग चिपट्याचं चिपटं: आता ते पालथं आहे, म्हणून उभं. झालं. मापटं आणि चिपटं. पाटीवर मी सात अधिक पाच बारा नेळवी करून पाहिलं, बारा नेळव्यांचं एक मापटं आणि एक चिपटंच होतं. पण मी पाटी पुसेपर्यंत आत्ती दार लावून चुलीपाशी गेलेली असायची.

सगळी मापं उभी झाली आणि त्यावर आणखी एक नेळवं गेलं, की उजवीकडून डावीकडे सातही मापं एकामागून एक पालथी पडायची आणि पुढे उभं करायला मापच उरायचं नाही. तेव्हा ती एक चिंचोका करवंटीत टाकायची. चिंचोका म्हणजे दोन पायल्या. डबा रिकामा, फळी कोरी, कणगी उघडायची.

एकदा मी तिला विचारलं होतं, पाहुणे आले आणि दुप्पट तांदूळ लागले तर सगळं दोनदा मोजून फळी दोनदा फिरवतेस काय? ती हसली. "येडी का काय? रोज जे जे माप लागतंय त्याचं शेजारचं मोठं घ्यायचं. चिपटं हाय तर मापटं, शेर हाय तर अधोली. एक घर सरकायचं, झालं दुप्पट." मी निपाणीच्या शाळेत दुणे पाठ केले होते. हे कुणी सांगितलं नव्हतं.

या गोष्टीनंतर बऱ्याच वर्षांनी एका वर्तमानपत्रात वाचलं, की परदेशात विजेवर आकडेमोड करणारी यंत्रं तयार होताहेत. लिहिणाऱ्याने म्हटलं होतं, यंत्राला नऊपर्यंतचे अंक ओळखायला लावण्यापेक्षा एक आणि पूज्य एवढ्यावरच काम भागवणं सोपं, कारण दिवा एकतर पेटलेला असतो नाहीतर विझलेला. एकाशेजारी एक असे दिवे, आणि प्रत्येकाची किंमत आधीच्याच्या दुप्पट. माझ्या घरच्यांना ते नवल वाटलं. मला नवल वाटलं ते एवढंच, की लिहिणाऱ्याने त्याला इतके रकाने खर्च केले.

तर तो उडदाचा दिवस. जाऊ फळीकडे बोट दाखवत होती.

"बघ. अधोली, शेर, चिपटं, कोळवं उभी. म्हंजे एवढं गेलं. व्हय की न्हाय?"

"व्हय."

"मग पालथी कोण? पायली, मापटं, नेळवं. म्हंजे एवढं डब्यात असाय पायजे. व्हय की न्हाय?"

मी मनात ताडून पाहिलं. उभं ते गेलेलं, तर पालथं ते राहिलेलं. बरोबर वाटत होतं. "व्हय," मी म्हटलं.

"मी मोजलं. पायली भरली, मापटं भरलं, आणि खाली नेळवं न्हाय, कोळवं भरलं! एक नेळवं जास्त."

"तुझं माप हललं असंल."

"तीनदा मोजलो. काठ सपाट करून." मग आवाज खाली आणून म्हणाली, "परवा किडं बघताना पण मोजलतो. तवा पण एक नेळवं जास्त. आक्का, जास्त कसं हुतंय? कुणाला तरी कमी गेल्याबिगर डब्यात जास्त ऱ्हातंय व्हय?"

जाऊ भांडखोर नव्हती, पण तिला एखादी गोष्ट सापडली की ती गप्प ठेवता येत नसे. परवा मोजलेलं नेळवं तिने आधीच विहिरीवर सांगून टाकलं होतं, तेही नेमकं आमच्या कांडपिणीला. ही कांडपीण वर्षानुवर्षं आमचं भात कांडायची आणि कांडलेल्या तांदळातूनच तिची मजुरी जायची. आत्ती मोजून देणार, ती पदरात घेणार.

संध्याकाळी कांडपिणीने सांगावा धाडला. उद्यापासून येत नाही. आधी घरातलं माप बघा, मग बोलवा.

माझ्या नवऱ्याला राग सहसा येत नाही. आला की तो आवाज वाढवत नाही, जेवण पुढे सरकवतो. त्या दिवशी त्याने ताट सरकवलं. "या घरचं माप कमी हाय म्हणून आजवर कुणी बोललं न्हाय," तो म्हणाला. आणि माझ्याकडे बघून, "आत्तीला विचार. आणि खरं असंल तर किल्ली तू घे."

आत्ती बारशाहून आली, पाय धुतले, लुगड्याच्या पदराला बांधलेले घुगऱ्यांचे दाणे पोरांना वाटले. मग मी सरळच विचारलं. डब्यात एक नेळवं जास्त कसं?

मला वाटलं होतं ती चिडेल. ती तर खूश झाली.

"बघितलीस व्हय? ते लक्ष्मीचं गं! माझ्या आईच्या वेळंपासनं हाय. कदीबी मोज, पालथ्या मापापेक्षा एक नेळवं वर भरतंय. डबा मोकळा पडू नये म्हणून ती ठेवती. म्हणून तर मी शुक्रवारी डब्याला हळद-कुंकू लावतो."

जाऊ म्हणाली, "लक्ष्मी कुणाच्या पदरातनं काढून ठेवती, ते पण सांग की आत्ती."

आत्तीला कळायला जरा वेळ लागला. मग तिने पदर खोचला.

"कांडपिणीच्या पदरातनं मी काढतो? मी?"

"मी तसं कुठं म्हटलं?"

"म्हटलीस. गावभर म्हटलीस." आत्तीने कमरेची किल्ली काढली नाही, पण तिच्यावर हात ठेवला. "किल्ली पायजे तर घ्या. उद्याच घ्या. पण मग मी या घरात काय म्हणून ऱ्हाऊ? खानापूरला भाचा हाय. त्येच्याकडं जातो. तितं निदान माप मोजत बसणारी कुणी न्हाय."

खानापूरच्या भाच्याची दोन खोल्यांची जागा, लाकडाच्या वखारीतली नोकरी आणि बायको तापट. आत्ती तिथे आठवडाभर टिकली नसती, हे तिलाही ठाऊक होतं. नवरा उठून ओट्यावर गेला. मी भांडी घासायला घेतली.

लोक म्हणतात भांडी घासताना मन शांत होतं. माझं होत नाही, पण डोकं चालतं. मी विचार केला: आत्ती खोटं बोलत नाही. खोटं बोलणारा माणूस जास्तीचं नेळवं लपवतो, त्याला हळद-कुंकू लावत नाही. जाऊही खोटं बोलत नाही, तांदूळ मी स्वतः पाहिले होते. आणि लक्ष्मी, असलीच, तर दरवेळी नेमकं एकच नेळवं कशाला ठेवेल? भात चांगलं पिकलं तेव्हाही एकच, आणि दुष्काळी वर्षातही एकच? देव एवढा काटेकोर नसतो. असं काटेकोर फक्त हिशेबात असतं.

दुसऱ्या दिवशी मी खोलीतच बसून राहिले. आत्तीने दिवसभरात जे जे दिलं ते ते पाहिलं. हात सरळ, काठ सपाट, फळीवरचं माप चुकलं नाही. एका भिक्षेकऱ्याला तर तिने चिपट्यावर वर चिमूट टाकली. मी बघतेय म्हणून नव्हे; तिची सवयच तशी. संध्याकाळी आम्ही दोघींनी डबा मोजला. पालथ्या मापांपेक्षा एक नेळवं जास्त.

"बघ," आत्ती म्हणाली, पण तिच्या आवाजात आदल्या दिवशीची खुशी नव्हती. "माझ्या हातनं कमी गेलं असंल काय गं? न कळत?"

तिने असं विचारावं हे मला आवडलं नाही. जन्मभर ज्याच्यावर उभी राहिली त्याच मापावर आता तिचाच विश्वास उरला नव्हता. मी म्हटलं, "मी दिवसभर बघितलं. न्हाय गेलं." पण म्हणून काय झालं? मी एकटीने पाहिलेलं गावाला काय उपयोगाचं?

मी पाटी आणली. फळीवर उभ्या मापाला एक उभी रेघ आणि पालथ्याला पूज्य, असं सात घरांचं लिहिलं. जावेने पाहिलेला दिवस आठवून लिहिला: पूज्य, रेघ, रेघ, पूज्य, रेघ, रेघ, पूज्य. अधोली, शेर, चिपटं, कोळवं. नेळव्यांत चौपन्न. त्याच्या खाली उलटं: रेघेच्या जागी पूज्य आणि पूज्याच्या जागी रेघ. पायली, मापटं, नेळवं. त्र्याहत्तर. दोन्ही मिळवली. चौपन्न आणि त्र्याहत्तर, एकशे सत्तावीस. आजच्या फळीचंही तसंच केलं. गेलेलं आणि पालथं मिळवलं. पुन्हा एकशे सत्तावीस. आणखी दोन मनाने रचलेल्या फळ्या घेतल्या. दोन्हींना तेच. अर्थात तेच येणार. उभी आणि पालथी मिळून सातही मापं एकेकदा, याहून दुसरं काय येणार?

मग दोन पायल्यांची नेळवी केली. चौसष्ट आणि चौसष्ट. एकशे अठ्ठावीस.

मी पाटीकडे बघत बसले. आत्ती म्हणाली, "काय झालं? तोंड का असं केलीस?"

"तुझ्या भाच्याला खानापुरात कळव," मी म्हटलं, "की तू येत न्हाईस."

पण पाटीवरचं जावेला दाखवून उपयोग नव्हता, हे माझ्या लक्षात आलं. ती म्हणाली असती, आक्काने आकड्यांत गुंडाळलं. नवरा म्हणाला असता, बरं, आणि मनात शंका ठेवली असती. माझी एक सवय आहे. शिवण चुकलं की मी मधूनच उसवत बसत नाही, पहिल्या टाक्याशी जाते. इथे पहिला टाका म्हणजे नुकता भरलेला डबा, जेव्हा कुणाला काहीच दिलेलं नसतं.

त्याच संध्याकाळी मी सगळ्यांना खोलीत बोलावलं. दिवा लावायच्या आधी, उजेड होता तेव्हाच. डबा पुरता रिकामा केला, उलटा करून ठोकून दाखवला. जावेच्याच हाताने कणगीतून दोन पायल्या मोजून डब्यात घातल्या. आत्तीला म्हटलं, फळी कोरी कर. तिने सातही मापं पालथी घातली. नवरा चौकटीला टेकून उभा होता.

"आत्तीनं या डब्यातनं अजून कुणाला काय दिलं?" मी जावेला विचारलं.

"काय न्हाय. आत्ताच तर भरला."

"मग डब्यात काय असाय पायजे? फळीवरचं वाच."

जाऊ वाचायला लागली. "सगळी पालथी. म्हंजे पायली, अधोली, शेर, मापटं, चिपटं, कोळवं, नेळवं."

"काढ तेवढं. एकेकदा."

तिने चांगला संच घेतला आणि काढायला लागली. पायली भरून धोतरावर ओतली. अधोली. शेर. प्रत्येक वेळी काठावरून पट्टी फिरवून सपाट. तिच्या हाताला सवय होती, पण आज ती जरा जास्तच जपून करत होती. मापटं. चिपटं. कोळवं. डबा आता वाकवून धरावा लागत होता. शेवटी नेळवं भरलं, ओतलं, आणि डब्यात वाकून पाहिलं.

"अजून हायेत."

"मोज."

तिने नेळवं पुन्हा डब्यात घातलं, कोपऱ्यातले दाणे बोटाने ओढून घेतले. काठोकाठ एक नेळवं भरलं. डबा रिकामा.

तिने ते नेळवं वर धरून सगळ्यांना दाखवलं. मग जाऊ म्हणाली, "आता हे कुणाच्या पदरातनं आलं?"

"तूच सांग. माप तुझ्या हातात हाय."

ती ढिगाकडे बघत राहिली, मग फळीकडे, आणि एकदम तोंडावर हात ठेवून हसायला लागली. "अगं बया! सात मापं मिळून दोन पायल्या हुतच न्हाईत! एक नेळवं कमीच पडतंय!"

"का पडतंय?" नवऱ्याने चौकटीवरून विचारलं.

आता जावेनेच त्याला समजावलं, आणि मी तिला ते करू दिलं. दोन पायल्या म्हणजे एक पायली फळीवरची, आणि दुसरी सुटी. सुट्या पायलीच्या दोन अधोल्या. एक फळीवरची, दुसरी सुटी. त्या सुट्या अधोलीचे दोन शेर. एक फळीवरचा, दुसरा सुटा. असं फोडत फोडत खाली गेलं की शेवटी दोन नेळवी उरतात. फळीवर नेळव्याची जागा एकच. दुसऱ्याला बसायला जागाच नाही. म्हणून फळी नेहमी एक नेळवं कमी सांगते. उभी मापं खरी, कारण ती मोजून उभी केलेली. पालथी मापं मात्र कुणी मोजलेली नसतात, आपण नुसती वाचतो. आणि ती वाचताना एक नेळवं वर धरायचं असतं.

"म्हंजे कांडपिणीला कमी गेलं न्हाय," नवरा म्हणाला.

"कुणालाच न्हाय."

"बरं." तो आत्तीकडे वळला. काहीतरी बोलावं असं त्याला वाटत असावं, पण असल्या वेळी बोलणं त्याला कधी जमलं नाही. "आत्ती, चहा करतीस काय?" एवढं म्हणून तो गेला. आमच्या घरात पुरुषांनी माफी मागायची रीत हीच.

आत्ती मात्र हलली नव्हती. फळीसमोर उभी होती.

"म्हंजे लक्ष्मी न्हाय व्हय?" ती म्हणाली.

"असंल की. पण हे नेळवं तिचं न्हवं."

"मग एवढी वर्षं मी हळद-कुंकू कुणाला लावालतो?"

"डब्याला," जाऊ म्हणाली. "डबा टिकला की बघ किती. एक पोचा न्हाय." आणि मग तिने वाकून आत्तीच्या पायांना हात लावला. पटकन, कुणी बघायच्या आत. आत्तीने तिच्या पाठीत एक हलका धपाटा घातला.

"लई हुशार झालीस. डबा मोजाय कुणी सांगितलंतं?"

"पोरकिड्यांनी."

मी एक उपाय सुचवला. फळीच्या टोकाला आठवं माप ठेवू, एक जादा नेळवं, कायमचं पालथं. म्हणजे पालथी वाचली की बेरीज बरोबर येईल आणि कुणाला घोटाळा नको. आत्तीने तो ऐकूनही घेतला नाही. "माझ्या हाताला सातची सवय हाय. आठवं ठेवलीस तर मी तेच उभं करून बसंन, आणि मग खरंच कमी-जास्त हुईल." तिचं म्हणणं मला पटलं. चाळीस वर्षांचा हात बदलण्यापेक्षा आम्ही दोघींनी एक नेळवं वर धरायला शिकणं स्वस्त होतं. आम्ही शिकलो. त्या दिवसापासून मी आणि जाऊ आळीपाळीने तिच्याजवळ बसून फळी चालवायलाही लागलो, आणि परत आलेलं धान्य वजा कसं करायचं हेही तिने दाखवलं: उभं असेल ते पालथं, आणि पालथं असेल तर ते उभं करून शेजाऱ्याकडून उसनं घ्यायचं; शेजारीही पालथा असला तर त्याच्या शेजाऱ्याकडून. जाऊ माझ्यापेक्षा लवकर शिकली. माझं पाटीचं डोकं आडवं यायचं.

किल्ली आत्तीच्या कमरेला राहिली. खानापूरचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. मला वाईट वाटलं का? थोडं. एक संधी होती, ती मी स्वतःच्या हाताने मोजून घालवली होती. पण खोटी ठरवलेल्या बाईच्या कमरेची किल्ली घेऊन मी करणार काय होते? रोज संध्याकाळी तेच जास्तीचं नेळवं माझ्याही डब्यात निघालं असतं, आणि उत्तर माझ्याकडेही नसतं.

एक काम मात्र उरलं होतं. घरात मिटलं म्हणजे मिटलं असं होत नाही. जे विहिरीवर बोललं गेलं होतं, ते कांडपिणीच्या घरापर्यंत पोचलं होतं, आणि तिथून पुढे कुठवर ते कुणाला ठाऊक. रात्री जेवताना मी जावेला म्हटलं, "उद्या सकाळी तयार ऱ्हा." तिने कुठे जायचं ते विचारलं नाही. ताटात बघून मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटवायच्या आधी मी भाताची एक बुट्टी भरून डोक्यावर घेतली आणि जावेला घेऊन कांडपिणीच्या दारात गेले. ती अंगण झाडत होती. आम्हाला बघून झाडू थांबवला, पण या म्हणाली नाही. जाऊच पुढे झाली आणि सगळं सांगून टाकलं: चूक माझी, आत्तीचं माप सरळ आहे, घरी ये आणि तुझ्या हाताने मोजून बघ. सांगताना तिने अंगणातले सात खडे घेऊन मांडलेसुद्धा. कांडपिणीने खडे बघितले, तिच्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "ते खडे मला काय कळत न्हाईत बाई. पण तू इथवर चालत आलीस ते कळलं. बुट्टीत काय हाय?"

मी बुट्टी उतरवली, भात उखळात ओतलं आणि जावेच्या हातात दुसरं मुसळ दिलं.